सोव्हिएत फायटर पायलटची पदकं आणि ऑर्डरबुक विक्रीला आहे. ते खरं आहे का, आणि घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की एका परदेशी लिलावाच्या साइटवर सोव्हिएत लढाऊ वैमानिकाचा संच आलाय. त्यात ऑर्डर ऑफ द रेड बॅनर, ऑर्डर ऑफ द रेड स्टार (ऑर्डर म्हणजे साध्या पदकाहून वरचा सरकारी सन्मान), लाल पुठ्ठ्याचं छोटं ऑर्डरबुक, म्हणजे मिळालेल्या ऑर्डर आणि त्यांचे क्रमांक नोंदवलेलं पुस्तक, आणि गणवेशातला एक फोटो आहे, आणि खाली 'वैयक्तिक १६ विमानं पाडली' अशी ओळ आहे. मी बरीच वर्षं दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत कागदपत्रं जमवतोय आणि वाचतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं स्पष्ट मत आहे की कागद आधी बघा, धातू नंतर. रेड स्टार युद्धकाळात लाखोंनी दिला गेला. त्याच्या मागे टाकसाळीची मोहोर आणि क्रमांक असतो, पण नुसता तारा हातात घेतला तर तो स्वयंपाक्याचा की रणगाडाचालकाचा, काही कळत नाही. तोच क्रमांक ऑर्डरबुकात शाईने, एका माणसाच्या नावापुढे लिहिलेला सापडला की त्या ताऱ्याला मालक मिळतो. काही पदकांना तर क्रमांकही नसतो. 'जर्मनीवरील विजयाबद्दल' हे १९४५ चं, स्टालिनचा चेहरा असलेलं पदक जवळपास दीड कोटी लोकांना मिळालं आणि त्यावर क्रमांक नाही. तिथे सोबतचं प्रमाणपत्र नसेल तर पदक कुणाचं हे सांगायला दुसरा पुरावा उरत नाही.

नियमही कागदाच्या बाजूने होते. सोव्हिएत काळात माणूस गेला की बहुतेक ऑर्डर सरकारला परत करायच्या असत आणि दाखले घरच्यांकडे आठवण म्हणून राहत. १९४२ ची ऑर्डर ऑफ द पॅट्रिऑटिक वॉर घरात ठेवायला पहिल्यापासून परवानगी मिळाली, बाकीच्यांना १९७७ मध्ये. सगळ्यांनीच परत केल्या असं नाही. तरीही १९४३ मध्ये पडलेल्या वैमानिकाची ऑर्डर ऑफ लेनिन आणि रेड बॅनर घरात कशी राहिली, हे विक्रेत्याला विचारायलाच हवं.

आता तुमच्या संचाकडे येतो. मला सगळ्यात आधी खटकला तो १६ चा आकडा. १९ ऑगस्ट १९४१ च्या ०२९९ क्रमांकाच्या आदेशात फायटर पायलटांची बक्षिसं ठरली होती. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे १,००० रूबल, ३ विमानांवर सरकारी सन्मानाची शिफारस, आणि १० विमानांवर हिरो ऑफ द सोव्हिएत युनियन या सर्वोच्च किताबाची. पुढे नियम बदलले, कडक झाले, आणि १५ च्या वर विमानं पाडूनही किताब न मिळालेले वैमानिक खरोखर होते. त्यामुळे १६ विमानं आणि फक्त दोन ऑर्डर हे अशक्य नाही, पण त्यामागे काहीतरी कारण असणार. एकतर 'वैयक्तिक' आणि 'गटात' पाडलेली विमानं एकत्र मोजली असतील, कारण सोव्हिएत कागदांत हे दोन आकडे कायम वेगळे लिहीत. किंवा संच फोडून महागडी पदकं आधीच वेगळी विकली असतील. नाहीतर आकडा विक्रेत्याने जोडलेला असेल.

हे शोधायला पैसे लागत नाहीत. पोदोल्स्क इथल्या संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय अभिलेखागारातली पुरस्कारांची शिफारसपत्रं रशियाने स्कॅन करून 'पोद्विग नारोदा' आणि 'पाम्यात नारोदा' या साइटवर फुकट ठेवली आहेत. आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि जन्मवर्ष रशियन लिपीत टाकायचं. विक्रेता वडिलांचं नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर पुढे जाऊच नका, कारण त्याशिवाय इवानोव्हसारख्या आडनावाची माणसं शेकड्यांनी सापडतात.

एक शिफारसपत्र उघडून सावकाश वाचा. वर हुद्दा, युनिट, जन्मवर्ष, राष्ट्रीयत्व, पक्षाचा सभासद आहे की नाही, सैन्यात कधीपासून, कुठे जखमी झाला, आधी कोणते सन्मान मिळाले, घरचा पत्ता. त्याखाली पराक्रमाचं वर्णन, बहुधा टाइप केलेलं, कधी हाताने. वैमानिकाच्या पत्रात तारीख, गावाचं नाव आणि विमानाचा प्रकार येतो. कोणतं विमान कुठे कोसळलं आणि कुणी पाहिलं, तेही पुष्कळदा येतं. सोबतच्या वैमानिकांनी किंवा जमिनीवरच्या तुकडीने दुजोरा दिला तरच विमान धरायचं, असा नियम होता. मग रेजिमेंटचा कमांडर, डिव्हिजनचा, कोअरचा असे एकेकाचे शेरे आणि सह्या. यात एक गोष्ट मला दर वेळी थांबवते. खालच्या कमांडरने मोठी ऑर्डर मागितलेली असते आणि वरचा साहेब खाली एका ओळीत तिच्याहून लहान ऑर्डर लिहून सही करतो. २० वर्षांच्या पोराने जीव धोक्यात घालून काय केलं आणि त्याला काय मिळालं, हे त्या एका पानावर दिसतं.

इवान कोझेदुब हा नावाजलेला सोव्हिएत फायटर पायलट घ्या, तीन वेळा हिरो झालेला. ४ फेब्रुवारी १९४४ ला पहिला किताब मिळाला तो १४६ उड्डाणं आणि २० विमानांवर. १९ ऑगस्ट १९४४ ला दुसरा, तेव्हा आकडे होते २५६ आणि ४८. तिसरा १८ ऑगस्ट १९४५ ला. पहिलं विमान त्याने ६ जुलै १९४३ ला कुर्स्कच्या लढाईत पाडलं होतं. म्हणजे ही कागदं ओळीने लावली की अख्खी कारकीर्द समोर येते. तरीही त्याची एकूण विमानं कुठे ६२ दिली जातात, कुठे ६४. पोक्रिश्किन या दुसऱ्या नामवंत फायटर पायलटचे अधिकृत ५९, पण संशोधकांचे आकडे वेगळे. इतक्या नावाजलेल्यांच्या बाबतीत हे होत असेल, तर अनोळखी वैमानिकाचा १६ हा आकडा नुसत्या वर्णनावर मान्य करू नका.

शिफारसपत्राइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे वैमानिकाची उड्डाण-वही. तारीख, विमान, कामगिरी, हवेत किती मिनिटं, आणि पडताळणीच्या सह्या. संचात ती असेल तर किंमत वाढणारच, आणि ते रास्त आहे.

प्रत्यक्ष वस्तू तपासताना ऑर्डरच्या मागच्या बाजूचा मोठा फोटो मागा आणि ऑर्डरबुकातला क्रमांक अंकाला अंक लावून बघा. क्रमांकाशेजारी रशियन 'द' हे अक्षर असेल तर ती हरवलेल्या ऑर्डरच्या बदली दिलेली दुसरी प्रत आहे. ती खोटी नसते, पण विक्रेत्याने तसं सांगायला हवं. जून १९४३ पर्यंत रेड बॅनर स्क्रूने छातीवर बसवत, त्यानंतर पाच कोनांच्या रिबिनीला लटकवत. रेड स्टार मात्र स्क्रूचाच राहिला. तारीख आणि बनावट जुळत नसेल तर कारण विचारा. युद्धकाळातलं लिखाण टाकाने, दौतीतल्या शाईने केलेलं असतं, बॉलपेन दिसला की सोडून द्या. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो युद्धानंतरचा, कारण चमक आणणारी रसायनं कागदात त्यानंतर आली. खऱ्या जुन्या पुस्तकातलं नाव रसायनाने धुऊन प्रसिद्ध नाव लिहिण्याचे प्रकारही होतात, आणि तेही याच दिव्याखाली पकडता येतात. किताबासोबतचं मोठं सन्मानपत्र असेल तर सही बघा. मार्च १९४६ पर्यंत सर्वोच्च सोव्हिएतच्या (तिथल्या संसदेच्या) अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष कालिनिन होते, नंतर श्वेर्निक. तारखेशी सही जुळायला हवी.

घ्यावं का, याचं उत्तर संच नक्की कुठून आला यावर आहे. रशियाच्या फौजदारी संहितेत कलम ३२४ खाली सोव्हिएत सरकारी सन्मानांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि ते देशाबाहेर नेण्यावरही बंदी आहे. बाहेर जे फिरतं त्यातलं बरंचसं १९९० च्या दशकातल्या हलाखीत, पेन्शनीत भागत नाही म्हणून विकलं गेलेलं आहे. काही सरळ चोरीचं आहे. १९८३ च्या जुलैमध्ये मॉस्कोत व्हाइस अ‍ॅडमिरल जॉर्जी खोलोस्त्याकोव्ह आणि त्यांच्या पत्नीचा खून झाला तो पदकांसाठी. म्हणून हिरोच्या किताबासोबत मिळणारा सोन्याचा तारा, गोल्ड स्टार, कुणी विकायला आणला तर मी तरी त्याला हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नये असं मला मनापासून वाटतं. त्यात सोनं असल्याने नकलाही भरपूर आहेत. शिवाय खरा तारा घरी ठेवून कोटावर लावण्यासाठी अधिकृत प्रतिकृतीही दिल्या जात, आणि त्या खऱ्या म्हणून खपवल्या जातात. आपल्याकडे हा किताब राकेश शर्मांना १९८४ च्या अंतराळ मोहिमेनंतर मिळाला, त्यामुळे त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

साध्या ऑर्डरचा संच रशियाबाहेर, जुन्या संग्राहकाकडून पावतीसह येत असेल तर मी घेईन, पण एका अटीवर, की तो पुन्हा फोडायचा नाही. पदक एकाला, पुस्तक दुसऱ्याला, फोटो तिसऱ्याला असं विकून दुप्पट पैसे मिळतात हे खरं आहे. पण एकदा वेगळं झालं की तो माणूस पुन्हा जुळवता येत नाही.

तुमच्या संचाबाबत आज एवढंच करा. विक्रेत्याकडून पूर्ण तिहेरी नाव, जन्मवर्ष, दोन्ही ऑर्डरचे मागून फोटो आणि ऑर्डरबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवा. नाव 'पाम्यात नारोदा'वर टाका. शिफारसपत्र सापडलं आणि रशियन वाचायला अडचण आली तर इथेच खाली टाका, मी वाचून सांगतो.