घरच्यांचा विरोध आहे, काय करू?

प्रश्न: मी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्यापासून घरात रोज वाद, आई तर माझं ताटही वेगळं ठेवते. चर्च सोडू की घर?

उत्तर: ताई, दोन्ही सोडू नका. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, तरी टिळकांनी श्रद्धाही सोडली नाही की बायकोवर जबरदस्तीही केली नाही, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. तुमच्या घरी तसंच होईल असं नाही हं. पण आईशी धर्मावरून भांडू नका, वेगळं ताट दिलं तर त्यातच जेवा, फक्त जेवणाआधीची प्रार्थना कोणी टोमणे मारले तरी चुकवू नका. आणि रविवारी चर्चला निघताना मैत्रिणीकडे जाते वगैरे सांगू नका, सरळ सांगून जा.