जीटीटीआधी (ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, म्हणजे ग्लुकोज देऊन रक्तातली साखर कशी उतरते ते बघणं) उंदरांना रात्रभर उपाशी ठेवायचं का सहा तास? (बडोदा, पीएचडी)

सहा तास पुरे, सकाळी 8 ला खाणं काढा आणि 2 ला ग्लुकोज द्या, पाणी मात्र राहू द्या. इथल्याच एका अ‍ॅनिमल हाऊसमध्ये मी ह्या टेस्ट करते म्हणून सांगते, उंदीर खातो मुख्यतः रात्री, त्यामुळे रात्रभर उपास म्हणजे आपली एकादशी नाही, जवळजवळ उपासमारच, लिव्हरमधलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपतं, वजन चांगलंच उतरतं आणि गंमत म्हणजे माणसाच्या उलट उंदराच्या स्नायूंत इन्सुलिनचा असर उपासाने वाढतो, मग हाय फॅट डाएटवाला (चरबीयुक्त खाण्यावर ठेवून साखर बिघडवलेला) उंदीर पण टेस्टमध्ये बरा दिसायला लागतो. आणि पिंजरा बदला हो! भुशात खाण्याचे तुकडे पडलेले असतात, ते बसतात कुरतडत आणि तुम्हाला वाटतं उपाशी आहेत.

पोटात इंजेक्शन, बहुतेक 2 ग्रॅम पर किलो, शेपटीच्या टोकाचा थेंब ग्लुकोमीटरवर: 0, 15, 30, 60, 90, 120 मिनिटं.

फक्त जुन्या डेटाशी तुलना करायची असेल आणि तो रात्रभरच्या उपासाचा असेल तर तेच ठेवा, आणि जे काय ठरवाल ते एथिक्स कमिटीच्या मंजुरीत लिहिलेलं हवं.