वाचक विचारतात: गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंग, काय विकत घ्यायचं आणि काय भाड्याने?

हिवाळ्याच्या सहलींचे बेत ठरू लागले तसे गुलमर्गच्या स्कीइंगबद्दलचे प्रश्न आमच्याकडे वाढले. बहुतेकांची काळजी एकच आहे: घरातली सगळी माणसं पहिल्यांदाच बर्फावर उतरणार, पुन्हा जाणं कधी होईल ते माहीत नाही, मग पैसे नेमके कशावर घालायचे? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं फेब्रुवारीत गुलमर्गला जाणार आहोत. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. चार दिवस स्कीइंग शिकायचं आहे. सगळं विकत घ्यायला गेलं तर विमानाच्या तिकिटांपेक्षा जास्त खर्च दिसतोय. कुठे वाचवता येईल? (नाशिक)

उत्तर: टणक वस्तू भाड्याने घ्या, अंगाला लागणाऱ्या मऊ वस्तू स्वतःच्या न्या. एवढ्यानेच खर्च बराच आटोक्यात येतो. स्की, बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका), बूट आणि काठ्या गुलमर्गमध्ये दिवसाच्या भाड्याने मिळतात. पहिल्या सहलीसाठी त्या विकत घेण्यात काहीच अर्थ नाही. मुलांना तर हेच बूट पुढच्या हिवाळ्यात होणार नाहीत. शिवाय मोठ्यांच्या स्की बुटांचा एक जोडच साडेतीन-चार किलोंचा असतो आणि देशांतर्गत विमानात माणशी साधारण १५ किलोच सामान देता येतं.

स्वतःचं हवं ते असं: माणशी थर्मलचे दोन संच, गुडघ्यापर्यंत येणारे दोन जोड मोजे, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल आणि गळ्यात घालायचा बफ, म्हणजे नळीसारखं शिवलेलं कापड. मुलांना हातमोज्यांचे दोन जोड द्या. मुलं बर्फात हात घालणारच, आणि पहिला जोड दुपारच्या आत ओला होतो. मफलर मात्र घरीच ठेवा. त्याचं टोक ड्रॅग लिफ्टमध्ये (स्कीवर उभ्या माणसाला चढावर ओढत नेणाऱ्या दोरात) अडकलं तर गळ्याला फास बसू शकतो.

राहिले जॅकेट आणि पँट. विकत घेण्याआधी घरातलं कपाट उघडून बघा. पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांकडे चांगलं रेन जॅकेट असतं. ते खरोखर वॉटरप्रूफ असेल, कमरेखाली येत असेल आणि आत फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं जाकीट) घालूनही हात वर करता येत असतील, तर तेच बर्फात चालतं. पोंचो चालत नाही. तो वाऱ्याने उडतो आणि लिफ्टला अडकतो. पँटच्या बाबतीत तडजोड करू नका, कारण नवशिक्या दिवसभर बर्फात बसलेलाच असतो. पैसे एकाच कपड्यावर घालता येणार असतील तर ते वॉटरप्रूफ पँटवर घाला. मुलांच्या काही पँटना पायाशी एक जादा शिवण असते; ती उसवली की लांबी थोडी वाढते आणि पँट आणखी एक हिवाळा चालते. एक माप मोठं घेतलं तरी हरकत नाही. दोन मापं मोठं घेतलं तर पँटचा काठ बुटाखाली येऊन मूल अडखळतं.

एक सावधगिरीची गोष्ट. गुलमर्गच्या अलीकडे तंगमर्गला गाडी थांबते आणि लांब कोट नि गमबूट भाड्याने घेण्याचा आग्रह सुरू होतो. 'वर याशिवाय चालणारच नाही' असंही सांगतात. ते कोट बर्फ बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी असतात. स्कीइंग करताना ते गुडघ्यांत येतात, पाणी शोषतात आणि जड होतात. तुमच्याकडे वर सांगितलेलं सामान असेल तर नम्रपणे नको म्हणा.

वर पोचल्यावर दुकानात चौघांचं चार दिवसांचं भाडं एकत्र ठरवा. दर चार ठिकाणी विचारा, पण बूट घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. स्कीवर आधीपासून असलेले ओरखडे आणि तुटक्या कडा यांचे फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा, म्हणजे परत करताना वाद होत नाही.

प्रश्न: जॅकेटच्या लेबलवर ५,०००, १०,००० असे आकडे असतात. त्यांचा अर्थ काय? आणि पिसांचं पफर जॅकेट घ्यावं का? (पुणे)

उत्तर: पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो. त्या कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर पाणी आत झिरपू लागेल, हे तो सांगतो. उभं राहिल्यावर अंगावर पडणाऱ्या कोरड्या बर्फाला ५,००० पुरतं. पण बर्फात बसलं किंवा गुडघा टेकला की वजनाने पाणी कापडात दाबलं जातं, म्हणून पँटला १०,००० हवं. २०,००० वाल्यांचे जास्तीचे पैसे पहिल्या सहलीत वसूल होत नाहीत. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो: एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत घामाची किती वाफ बाहेर पडते. शिकताना माणूस पडतो, उठतो, स्की खांद्यावर घेऊन चढ चढतो आणि भरपूर घामेजतो. ती वाफ आत कोंडली की अंग आतून ओलं होतं आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. काखेत हवेसाठी चेन असलेलं जॅकेट म्हणूनच सोयीचं.

आकड्यांपेक्षा शिवणी जास्त दगा देतात. जॅकेट उलटं करून खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणींवर चिकटवलेली पट्टी आहे का ते बोटाने चाचपा. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असो, पाणी सुईच्या भोकांतून येतं. जुन्या जॅकेटची परीक्षा घरीच होते: खांद्याच्या आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, वर कपभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पेपर बघा. पाणी आत आलं नाही, पण कापडावर थेंब न बनता पसरत असेल, तर वरचा थर झिजलाय. साध्या लिक्विड साबणाने धुवा, सॉफ्टनर अजिबात टाकू नका, आणि वाळल्यावर वॉटरप्रूफिंग स्प्रे मारा.

पफरबद्दल: पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. पफर संध्याकाळी हॉटेलात आणि बाजारात फिरायला उत्तम. बर्फावर थर्मल, फ्लीस आणि वरून वॉटरप्रूफ जॅकेट असे तीन थरच चांगले, कारण ऊन पडलं की मधला काढून बॅगेत टाकता येतो.

प्रश्न: थर्मलवर जीन्स आणि आईने विणलेला लोकरीचा स्वेटर चालेल का? दोन-दोन मोजे घालावेत का? (कोल्हापूर)

उत्तर: स्वेटर खुशाल न्या. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. फ्लीसऐवजी तोच मधला थर करा. जीन्स मात्र नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि संध्याकाळी थंडीने ताठ होतं. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे सवयीने थर्मलच्या आत सुती बनियन घालणं. घाम बनियनमध्येच मुरतो आणि वरच्या थर्मलचा काही उपयोग राहत नाही. थर्मल थेट अंगाला लागलं पाहिजे.

मोजा एकच. दोन घातले की मधे घडी पडते, ती घडी पायाला सोलते आणि बूट घट्ट होऊन रक्तपुरवठा मंदावतो. पाय गार पडण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

प्रश्न: गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या अंगठ्याची नखं भाड्याच्या बुटांनी काळी-निळी झाली. बूट नीट बसलेत हे कसं ओळखायचं? (ठाणे)

उत्तर: नखं काळी पडतात ती बहुधा बूट मोठा असल्याने. पाय आत पुढे सरकतो आणि प्रत्येक उतारावर अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो. नवशिक्यांना सैल बूट आरामाचे वाटतात आणि दुकानदारही तेच देऊन मोकळा होतो. सहलीतला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. माणशी पंधरा मिनिटं गेली तरी हरकत नाही.

माप घरूनच घेऊन जा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठं माप धरा. स्की बुटांचं माप हेच असतं: पाय २४.३ सेंमी असेल तर २४.५ मागायचा. नेहमीच्या चपला-बुटांचा नंबर इथे सांगू नका.

दुकानात बुटाचं आतलं मऊ अस्तर बाहेर काढायला सांगा आणि फक्त मोजा घालून रिकाम्या कवचात पाय घाला. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे एक ते दोन बोटं मावतील एवढी जागा राहायला हवी. तीन बोटं गेली तर बूट मोठा. मग अस्तर परत बसवून बूट घाला, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, आधी घोट्याजवळचं बकल लावा आणि नंतर बाकीची. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकतात. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की बोटं मोकळी होतात. तसं झालं तर माप बरोबर. आता वाकलेल्या गुडघ्यांनी टाच उचलून बघा: ती जागची हलता कामा नये. असेच दहा मिनिटं उभे राहा. मुंग्या आल्या किंवा एका जागी टोचलं तर दुसरा जोड मागा.

थर्मलची लेगिंग बुटात जाता कामा नये. बुटात फक्त मोजा; लेगिंगचा काठ बुटाच्या वर थांबवा. नाहीतर तिची घडी नडगीवर येते आणि दिवसभर दुखते.

बूट झाले की स्की. नवशिक्याला हनुवटी ते नाकापर्यंत येणारी, मुलांना छाती ते हनुवटीपर्यंतची. काठी उलटी धरून टोकाजवळच्या चकतीखाली मूठ आवळली तर कोपर काटकोनात यायला हवं. सात वर्षांच्या मुलाला सुरुवातीला काठ्या देऊच नका, तोल लवकर येतो.

सगळ्यात महत्त्वाचं बाइंडिंग. पडल्यावर बूट स्कीतून सुटायलाच हवा, नाहीतर गुडघा पिरगळतो. तो किती जोराला सुटेल हे स्क्रू फिरवून ठरवतात आणि बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत आकडा दिसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यात बघून तो लावायचा असतो. म्हणून वजन खरं सांगा आणि 'आम्ही पूर्ण नवशिके' हेही स्पष्ट सांगा. दुकानदाराने काही न विचारताच स्की हातात दिली तर थांबा. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो. नव्वद किलोच्या माणसासाठी लावलेलं बाइंडिंग बारा वर्षांच्या मुलीसाठी उघडणारच नाही. बूट बदलला तर बाइंडिंगही पुन्हा जुळवून घ्यायचं.

प्रश्न: मुलाला चष्मा आहे. गॉगल कसा घालायचा? सायकलचं हेल्मेट नेलं तर चालेल का? (मडगाव)

उत्तर: चष्म्यावरून घालायचे गॉगल मिळतात, त्यांना बाजूला दांड्यांसाठी खाचा असतात. चष्मा घरून नेऊन दुकानात एकत्र घालून बघा. काच एस२ किंवा एस३ दर्जाची घ्या (आकडा जितका मोठा तितकी काच गडद): ढगाळ दिवसाला एस२, कडक उन्हाला एस३. गॉगल टाळून चालणार नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. डोळे भाजतात आणि रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा.

सायकलचं हेल्मेट नको. त्याची चाचणी वेगळ्या प्रकारच्या आघातांसाठी असते आणि कानही उघडे राहतात. स्कीच्या हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० हे सुरक्षा मानक लिहिलेलं असतं. भुवयांच्या वर डोक्याचा घेर मोजा. टोपी न घालता, पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेट सरकू नये. लहान मापं भाड्याने मिळतीलच असं धरून चालू नका. मुलांसाठी हीच एक टणक वस्तू आम्ही विकत घ्या म्हणू.

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि मुलांना लेक टाहोला न्यायचं आहे. तिथेही हाच नियम? (फ्रीमाँट)

उत्तर: कपड्यांना हाच, पण तिथला बर्फ बऱ्याचदा ओला आणि जड असतो, म्हणून वॉटरप्रूफिंगवर जास्त लक्ष द्या. हिवाळ्यात तीन-चारदा जाणार असाल तर मुलांचं सामान दर खेपेला भाड्याने न घेता पूर्ण हंगामासाठी घ्या. बरीच दुकानं असं देतात आणि ते स्वस्त पडतं. कपडे वापरलेले मिळाले तर जरूर घ्या. वापरलेलं हेल्मेट घेऊ नका, आतल्या भेगा बाहेरून दिसत नाहीत.

प्रश्न: गोंडोलाने (केबल कारने) अगदी वर अफरवट शिखराकडे जाऊन तिथून स्कीइंग करायला आणखी काय सामान लागेल? (सोलापूर)

उत्तर: पहिल्या सहलीत ते करूच नका. वरचा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरवर आहे आणि तिथले उतार शिकाऊंसाठी नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर दगावले. वर नुसतं बघायला जाणार असाल तर वाऱ्यासाठी एक थर वाढवा आणि चेहरा झाका. शिकायला खालचे सौम्य उतार पुरेसे आहेत.

प्रश्न: ओले हातमोजे आणि बूट रात्रीतून वाळतात का? (सातारा)

उत्तर: वाळतात, पण बुखारीला (खोली तापवायच्या शेगडीला) चिकटवून ठेवू नका, कापडाचा वॉटरप्रूफ थर आणि बुटाचं प्लास्टिक दोन्ही खराब होतात. बुटांचं अस्तर बाहेर काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. हातमोजे बोटं वर करून हातभर अंतरावर टांगा. बूट गाडीत किंवा व्हरांड्यात ठेवू नका. रात्री पारा उणे १० च्या आसपास जातो, प्लास्टिक कडक होतं आणि सकाळी पाय आत शिरत नाही. खोलीत जागा नसेल तर बूट पलंगाखाली ठेवा, बकलं सैल लावून, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही.