कॅफेत गाणी लावायला भरलेले पैसे गीतकाराला खरंच मिळतात का?

तुम्ही विचारलंय की कोथरूडमध्ये छोटा कॅफे आहे, दिवसभर मोबाइलवरून गाणी चालतात, आता लायसन्सचं पत्र आलंय; तर हे पैसे लिहिणाऱ्याला मिळतात की मधल्यामध्ये मुरतात?

मी पुण्यातच राहून गाणी लिहितो, म्हणजे या पैशांच्या दुसऱ्या टोकाला बसलोय. मिळतात. पण सगळ्यांना नाही.

आधी पत्र कोणाचं आहे ते बघा. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. तिचा परवाना आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते. रेकॉर्डिंग ही दुसरी. ती बहुधा म्युझिक कंपनीची, आणि तिच्यासाठी पीपीएल ही अशा कंपन्यांची संस्था किंवा तशीच दुसरी संस्था मागणी करते. म्हणून एकाच गाण्याचे दोनदा पैसे मागतायत असं वाटतं. शनिवारी गिटारवाला पोरगा बसवलात तर रेकॉर्डिंग वाजतच नाही, मग आयपीआरएसचंच बघायचं. तुमचं महिन्याचं सबस्क्रिप्शन मात्र स्वतः ऐकण्यापुरतं असतं, ते दाखवून सुटका नाही. लग्नाची वरात कायद्यानेच सोडलीय, कॅफे नाही!

गाणी वाजवल्याचे पैसे द्यायचे की नाही, या भांडणाची सुरुवातच मुळी कॅफेत झाली. 1847 साली पॅरिसच्या एका कॅफेत अर्नेस्ट बुर्जे या गीतकाराने बिल द्यायला नकार दिला : आमचं तुम्ही फुकट वाजवता, मग तुमचं आम्ही फुकट पितो. कोर्टात तो जिंकला, आणि 1851 मध्ये असे पैसे गोळा करून वाटणारी सासेम ही संस्था तिथे उभी राहिली.

आपल्याकडे आयपीआरएस आहे 1969 पासून, पण 1977 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सिनेमाची गाणी निर्मात्याच्या पदरात टाकली. ते फिरलं कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. आता रॉयल्टीतला वाटा गीतकाराने सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. वारस किंवा आयपीआरएससारखी संस्था सोडून कुणाच्या नावे करता येत नाही. (थिएटरात सिनेमा दाखवताना वाजलं तर तेवढं सोडून.) माझ्या एका करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं ठळक लिहिलंय. वाट्यापुरतं ते वाक्य कागदावरच राहतं.

वाटणी साधारण अशी : संस्थेचा खर्च वजा जाता निम्मे ज्याच्याकडे हक्क आहेत त्याला, उरलेले गीतकार आणि संगीतकार निम्मे-निम्मे. पण कोणत्या गाण्याचे? इथे गाडी अडते. रेडिओ-टीव्हीवाले वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या देतात. कॅफेत काय वाजलं हे कुणालाच माहीत नसतं, मग असे पैसे बहुतेक दुसरीकडच्या याद्यांवर वाटले जातात. तुम्ही दिवसभर जुनी भावगीतं लावलीत तरी पैसे जाणार रेडिओवर गाजणाऱ्या गाण्यांकडे.

दुसरा दोष आम्हा लिहिणाऱ्यांचा. मी सभासद झालो आणि निवांत बसलो. प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं हे कळायला काही वर्षं गेली. त्यातही एका गाण्यावर माझं आडनाव चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत माझ्या नावावर त्याचा रुपयाही नव्हता.

तेव्हा लायसन्स घ्या, पावती घ्या, आणि काय काय वाजवता त्याची यादी सोबत जोडता येईल का, हे विचारा. शनिवारच्या गिटारवाल्या पोरालाही गाण्यांची नावं लिहून ठेवायला सांगा.