हंड्याच्या नादात एफडी मोडू का?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४१, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) नोकरी, पगार २८,५००. बायको घरी शिवणकाम करते, त्याचे सरासरी ६,००० येतात. घरखर्च २७,००० आणि महिन्याला ३,००० ची भिशी. सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, १,८०,००० ची एफडी आहे, कर्ज काही नाही. त्यांना जमिनीतला धातू शोधायचा डिटेक्टर घ्यायचाय. आधी शौक म्हणून लिहिलंय, पण पुढच्याच परिच्छेदात आजोबांच्या पडक्या वाड्यात पुरलेला हंडा, मलप्रभेचा काठ आणि हलशीचा परिसर आलाय. तीन कोटेशन्स जोडली आहेत: १,१५,०००, ६८,००० आणि २९,५००. कल पहिल्याकडे आहे, कारण ते यंत्र म्हणे ‘दहा मीटर खोल आणि दोनशे मीटर लांबचं सोनं’ दाखवतं. सोबत येणारा मित्र पायाळू आहे (पायांकडून जन्मलेला, अशा माणसाला गुप्तधन कळतं अशी समजूत), तो निम्मे पैसे घालायला तयार आहे आणि निम्मा वाटाही मागतोय. प्रश्न एवढाच: एफडी मोडू का?

मोडू नका. मात्र यंत्र घेऊच नका, असं मी म्हणत नाही. माणसाला एखादा नाद असावा, फक्त तो घराच्या आधारावर उभा राहू नये.

पहिल्या कोटेशनचं आधी बघू, कारण ते यंत्रच नव्हे. तुमच्या सीएनसीवर प्रॉक्झिमिटी सेन्सर असतो, धातू काही मिलिमीटरवर आला की त्याचा दिवा लागतो. डिटेक्टरचं तत्त्व तेच. कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह उठतात, आणि त्यांनी उलट धाडलेला क्षीण सिग्नल यंत्र पकडतं. कॉइल मोठी असल्यानं मिलिमीटरचे सेंटिमीटर होतात, इतकंच. लहान वस्तू कॉइलपासून लांब असली आणि अंतर आणखी दुप्पट झालं, की परत येणारा सिग्नल जवळजवळ चौसष्टपट घटतो. म्हणून चांगल्या यंत्रालाही एकटं नाणं १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंतच सापडतं. हंड्याएवढी मोठी वस्तू त्याहून खोल कळते, पण दहा मीटर नाही. आणि दोनशे मीटरवरून सोन्याकडे वळणारी अँटेना म्हणजे पायाळू माणसाच्या हातातली काठीच, फक्त तिला बॅटरी लावलेली. असल्याच पोकळ कांड्या एडीई ६५१ या नावानं बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकल्या गेल्या होत्या. त्या विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

विक्रेता डेमो द्यायला येतो म्हणालाय ना? येऊ द्या. पाच सारखे प्लॅस्टिकचे डबे घ्या, एकात वहिनींचं मंगळसूत्र ठेवा. डबे मांडणारानं घरात जाऊन बसायचं, आणि बाहेर जो उभा राहील त्याला कुठल्या डब्यात काय ते माहीत नसावं. असं दहा वेळा करा. नुसत्या अंदाजानं दहात दोन बरोबर येतातच. तो तीनवर अडकला आणि ‘आज हवामान बरं नाही’ म्हणू लागला, तर चहा पाजून वाटेला लावा.

आता एफडी. तुमचा खर्च महिना २७,०००, म्हणजे सहा महिन्यांचे १,६२,०००. तुमची १,८०,००० ची ठेव म्हणजे बरोबर तेवढाच अडीअडचणीचा पैसा आणि वर थोडी चिल्लर. त्यातून १,१५,००० काढले की ६५,००० उरतात, अडीच महिनेही पुरत नाहीत. फाउंड्रीला ऑर्डर कमी झाली की उद्यमबागेत आधी ओव्हरटाइम जातो, मग शिफ्ट, हे तुम्हाला मी काय सांगावं. मित्रानं निम्मे घातले तरी माझं मत तेच. दोघांचं यंत्र कुणाच्या घरी ठेवायचं, यावरूनच अर्धी भांडणं होतात. हेच १,१५,००० साडेसात टक्क्यांच्या चक्रवाढीनं दहा वर्षांत २,३७,००० च्या आसपास होतात. हंडा मिळायचा तेव्हा मिळो, हे आकडे कागदावर आजच दिसतात.

जाता जाता, न विचारलेलं सांगतो. तुमची सगळी पुंजी एकाच सोसायटीत आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. आपल्याकडे गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि बहुतेक नीट चालतात. तरी माझ्या मामांचे पैसे एका सोसायटीत चार वर्षं अडकले आणि त्यांची कारकुनापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांची दारं झिजवून झाली. एफडीची मुदत संपली की निम्मी रक्कम बँकेत हलवा, व्याज अर्धा-एक टक्का कमी आलं तरी. ठेवीला हात लावायचाच तर त्यासाठी लावा.

सापडलं तर पैसे वसूल होतील, हा हिशेब तर मांडूच नका. जमिनीत लपवलेलं धन आपोआप सापडणाऱ्याचं होत नाही. १८७८ च्या केंद्रीय कायद्यात दहा रुपयांवरच्या गुप्तनिधीचीही लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे, आणि लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद. कर्नाटकानं १९६२ मध्ये आपला वेगळा कायदा केला. तुमच्या आजोबांच्या वाड्यात निघालं तरी सुटका नाही, डीसी ऑफिसची, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीची, पायरी चढावीच लागेल. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. सराफाकडे नेऊन वितळवायचा विचार मनात असेल तर तो इथंच सोडा.

हलशीचं नाव वाचून मी पत्र दोनदा वाचलं. ती कदंब राजांची पलाशिका, तिथं ताम्रपट निघालेत, म्हणून तुम्हाला वाटतं आपल्यालाही काही मिळेल. पण संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय उकरता येत नाही, आणि स्मारकाला इजा झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. भोवतीचे शंभर मीटरही निषिद्ध क्षेत्रात मोडतात. बेळगावचा किल्ला, वडगाव-माधवपूरचं जुन्या वस्तीचं पांढरीचं रान, भीमगडचं अभयारण्य, हे सगळं यादीतून काढा. मलप्रभेचं पात्र सरकारी आहे, तेही काढा. आणि मित्र अमावस्येला पूजा घालू म्हणाला तर तोही काढा. गुप्तधनासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांवर कर्नाटकाचा २०१७ चा कायदा आहे.

मग उरलं काय? मालकाला विचारून नांगरलेली शेतं, खळी, बैलगाड्यांच्या वाटा. माझा येळ्ळूरचा एक मित्र असं यंत्र वापरतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या बांधावर दोन तास फिरलो. निघालं काय, तर बैलाचे दोन नाल, फाळाचा एक तुकडा, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, एक गंजका खिळा आणि २५ पैशांचं नाणं. शेवटी वीतभर खोलीवर चांदीचं जोडवं. शेजारच्या काकूंचं रोपलावणीत चिखलात गेलं होतं, सहा पावसाळे झाले होते. त्यांनी ते पदरानं पुसलं, बोटात घालून बघितलं, आता बोट जाड झालंय म्हणाल्या, आणि आम्हाला ताक दिलं. दोन तासांची कमाई ती.

हे चालत असेल तर २९,५०० वालं बघा. मात्र ते तुमच्या मातीत चाललं पाहिजे. खानापूरच्या पट्ट्यात जांभ्याची तांबडी माती, तिच्यात लोह भरपूर. साधं यंत्र तिथं दगडावरही ओरडतं. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वजा करायची सोय, हातानं जुळवता येते का, हे विक्रेत्याला पहिल्यांदा विचारा. कॉइल डबल-डी (‘डी’ आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर) घ्या, खनिज असलेल्या मातीत ती कमी गोंधळते. तुर्कस्तानच्या नोक्टाच्या सिम्प्लेक्समध्ये ग्राउंड बॅलन्स मिळतो. अमेरिकेच्या गॅरेटची एस (ACE) ३०० सोपी आहे, पण तिचा बॅलन्स कारखान्यातच बसवलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबची व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडते. हे नावांवरून ठरवू नका. तुमच्याच शेतात एक रुपयाचं नाणं सहा इंच पुरा, वरून माती दाबा आणि यंत्र फिरवून घ्या. नाणं सापडलं नाही, तर ते यंत्र दुसऱ्या कुणासाठी.

धातू ओळखायला म्हणून स्क्रीनवर येणाऱ्या आकड्यांवर भुलू नका. पातळ सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमची चांदी जवळजवळ सारखाच आकडा दाखवतात, त्यामुळे कचरा गाळायला बसलात तर अंगठीही गाळली जाते. ६८,००० च्या यंत्रानंही ही अडचण पुरती जात नाही, म्हणून ते मधलं कोटेशन मी बाजूला ठेवतो. यंत्रासोबत नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा पिनपॉइंटर आणि खुरपं घ्या, चार हजार धरा. सगळे मिळून ३३,५००.

हे पैसे भिशीतून येतात. महिना तीन हजार, बारा जण, तुमचा नंबर लागला की ३६,००० हातात. ठेव जागेवर, कर्ज शून्य, आणि आणखी काही महिने वाट बघावी लागते, त्यात हौस खरी आहे की नाही तेही कळेल. पण ती भिशी तुमच्या पगारातली की वहिनींच्या शिवणातली, हे पत्रात लिहिलं नाहीत. शिवणातली असेल तर आधी त्यांना विचारा, त्यांच्या मशीनला मोटर बसवायची असेल कदाचित.

भिशी लागली की कळवा. येळ्ळूरच्या मित्राचं यंत्र एक दिवस हातात घेऊन बघता येईल, विकत घ्यायच्या आधी. पण या ते मृगाच्या आत. एकदा रोप लावलं की तो बांधावर कुणाला पाय ठेवू देत नाही.