आमच्या वाईत शूटिंग झालेल्या सिनेमात वाईची दृश्यं नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा, की 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३) या प्रेमकथेच्या विनोदी सिनेमात आपली वाई तमिळनाडूतलं गाव म्हणून दिसते. पण घरच्यांना दाखवताना 'हे आपलं' आणि 'हे दुसरीकडचं' वेगळं कसं काढायचं?

आधी कथेतला प्रवास डोक्यातून काढा. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूर, वाडी, गुंटकलवरून जाते. सिनेमात मात्र ती दूधसागरच्या धबधब्यापाशी थांबते, आणि तो गोव्याकडे जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे मार्गावर आहे. गावातल्या दृश्यांचंही असंच असतं. वाड्याच्या दारातून आत शिरणारा माणूस पुढच्या शॉटला मुंबईच्या स्टुडिओत असू शकतो. म्हणून प्रत्येक शॉट सुटा तपासायचा.

माणसं सोडा, त्यांच्या मागचं बघा. आपले डोंगर बेसाल्टचे, थराथरांचे, बरेचसे माथ्याला सपाट. वाईजवळच्या पांडवगड किल्ल्याची कातळटोपी एकदा ओळखू आली की पुन्हा चुकत नाही. घाट काळ्या दगडाचे. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून माशासारखी निमुळती बांधलेली आहे. दर्शनी बाजू सेटने झाकता येते, मागची बाजू झाकायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. रंगीत गोपुरं, कमानी, तमिळ पाट्या आज शोधत बसू नका. असं काम प्लायवूड, फायबर आणि पीओपीचं असतं, शूटिंग संपलं की उतरवतात. पाटीच्या कडेला डोकावणारा कोनाडा, खिडकीचे गज, पायरीचा तुटका कोपरा हीच खरी खूण.

जागा सापडल्यासारखी वाटली की कॅमेरा कुठे उभा होता ते काढा. चौकट थांबवून स्क्रीनशॉट घ्या. त्यात जवळची एक आणि लांबची एक अशा वस्तूंच्या दोन जोड्या निवडा, उदाहरणार्थ दीपमाळ आणि तिच्यामागचं शिखर. जागेवर जाऊन डावी-उजवीकडे सरका. दोन्ही जोड्या चित्रातल्यासारख्या एकमेकींवर आल्या की उभं राहायची जागा मिळाली. उंची जुळत नसेल तर कॅमेरा क्रेनवर किंवा गच्चीवर असणार. झूम त्यानंतर. इथेच बहुतेकांचं चुकतं: डोंगर चित्रात मोठा दिसतो म्हणून ते त्याच्याकडे चालत जातात. खरं तर कॅमेरा बराच मागे असतो आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने डोंगर जवळ ओढलेला असतो. वस्तूंची एकमेकींशी असलेली मांडणी उभं राहायच्या जागेवर ठरते, लेन्सवर नाही.

सगळं जुळूनही उलटं वाटत असेल तर चित्र आरशासारखं फिरवलेलं आहे का ते बघा: पाट्यांची अक्षरं, पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी. नदीच्या पाण्यावरून माप धरू नका. धोम धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या बुडतात, एरवी उघड्या पडतात. माप देवळाच्या जोत्यापासून धरा. डोंगर संगणकावर बदललेला असू शकतो, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन जुळल्या तरच वाई म्हणा.

आणि ही वाई सिनेमात स्वतःच्या नावाने फारशी येत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. 'गंगाजल' (२००३) मध्ये ती बिहार झाली, 'दबंग' (२०१०) मध्ये उत्तर प्रदेश. घाट, वाडे, बाजार आणि शेतं एवढ्याशा अंतरात मिळतात, मुंबई एका दिवसाच्या वाटेवर आहे, म्हणून लोक इथे येतात. माझ्या मते हा गावाचा मोठा गुण आहे.

मिळालेल्या प्रत्येक जागेचा आजचा फोटो घ्या आणि त्याच्या नावातच सिनेमातली वेळ, जागा आणि कॅमेऱ्याच्या तोंडाची दिशा लिहा. वाड्यांपासून सुरुवात करा. घाट राहतील, वाडे मात्र भराभर पडताहेत.