कोला फोडण्याआधी थाळी का फिरते?

प्रश्न : नायजेरियातील इग्बो लोकांच्या लग्नाच्या बैठकीची एक चित्रफीत पाहिली. यजमानाने कोला नावाच्या झाडाच्या बिया थाळीतून आणल्या, थाळी बराच वेळ हातोहात फिरली आणि मगच बी फोडली गेली. हा आपल्या पानसुपारीसारखाच पाहुणचार आहे, की या फिरवण्याला वेगळा अर्थ आहे?

उत्तर : पाहुणचार तो आहेच, परंतु पानसुपारी बहुधा समारंभाच्या शेवटी येते, कोला मात्र आरंभीच येतो, आणि तो फुटण्याआधी मूळ विषयाला हात घालणे आग्नेय नायजेरियातील इग्बो समाजात अशिष्ट मानले जाते. यजमान थाळी आधी आपल्या माणसांना दाखवतो. मग ती नात्याच्या आणि गावांच्या ठरलेल्या क्रमाने पाहुण्यांपर्यंत जाऊन त्याच्याकडे परत येते. कोण कोणाचा भाऊबंद आणि कोणते गाव थोरले, हे त्या फेरीतून सर्वांसमक्ष मान्य होते, म्हणूनच क्रम चुकल्यास रुसवेफुगवे होतात. आमच्या मते विधीचे मर्म या फेरीतच आहे; खाणे गौण, कारण वाट्याला येतो तो जेमतेम एक कडवट तुकडा, बहुधा शेंगदाण्याच्या तिखट चटणीसह.

फेरीनंतर सर्वांत वडीलधारा पुरुष बी हाती घेऊन देवाला व पूर्वजांना आवाहन करतो. 'जो कोला आणतो, तो जीवन आणतो' हे वचन येथे हमखास ऐकू येते. प्रार्थना इग्बो भाषेतच व्हावी लागते. कोलाला इंग्रजी कळत नाही, असे तेथे म्हणतात, आणि विद्यापीठातील प्राध्यापकांच्या बैठकीतही हा संकेत पाळला जातो.

विधीसाठी 'ओजी इग्बो' ही जात लागते. 'ग्वोरो' ही दुसरी जात उत्तरेकडील हाउसा लोकांत अधिक प्रिय असून तिची बी दोनच दलांत फुटते, तर ओजी इग्बोची तीन, चार किंवा अधिक दलांत. फोडणारा आधी दले मोजतो. चार निघाली तर एके, ओरिए, आफो आणि न्क्वो या इग्बो आठवड्याच्या चार बाजारवारांशी त्यांचा मेळ घालून ती शुभ समजतात. तीन दले शूरांची.

परंपरेने स्त्रिया मात्र कोला फोडत नाहीत. बैठकीत पुरुष नसेल तर एखाद्या लहान मुलग्याला बोलावून त्याच्या हातून तो फोडून घेतला जातो, आणि आज या नियमावर इग्बो स्त्रियाच उघडपणे आक्षेप घेत आहेत.